सात लाटा, सहा लाटा: दोघींच्या लग्नाच्या अंगठ्यांचं प्रकरण

दोघी अकरा वर्षं एकत्र आहेत. एक चाकावर मातीची भांडी घडवते, दुसरी रुग्णालयात नर्स आहे. एकीच्या बोटाला आतून १९.१ मिमी व्यासाची अंगठी बसते, दुसरीच्या १६.३ मिमीची. दोघींना घरातलं जुनं सोनंच वापरायचं होतं आणि दोन अंगठ्या मिळून एकच वस्तू आहे असं वाटायला हवं होतं. अशा कामात येणाऱ्या बहुतेक अडचणी एवढ्यातच आल्या.

(जोडपं प्रातिनिधिक आहे. क्वीअर जोडप्यांच्या अंगठ्या घडवताना हटकून येणारे प्रश्न इथे एका प्रकरणात बांधले आहेत. आकडेमोड मात्र कॅल्क्युलेटर घेऊन तपासता येईल अशी आहे.)

कापलेलं भांडं

ओळख मातीकामाच्या वर्गात झाली. रात्रपाळी संपवून एक नर्स शिकायला यायची. तिसऱ्या आठवड्यात तिचं पहिलं उभं भांडं चाकावर न ढासळता टिकलं आणि शिकवणारीने ते लगेच तारेने वरपासून खालपर्यंत उभं चिरलं. यात दुष्टपणा काही नव्हता. भिंत कुठे जाड राहिली, कुठे पातळ झाली हे दाखवायला बरेच शिक्षक हेच करतात. नवशिक्यांचं भांडं बुडाशी जाड आणि काठाशी कागदासारखं असतं, तसंच हेही निघालं. चिरलेली अर्धुकं एरवी पुन्हा मळायच्या बादलीत जातात. नर्सने ती जाऊ दिली नाहीत. दोन्ही वाळवून भाजून घेतली, एक स्वतः ठेवलं आणि एक शिकवणारीच्या हातात दिलं. आता ती दोन्ही एकाच फळीवर आहेत.

कारागिराने ही गोष्ट ऐकायला हवी, कारण रचना इथूनच आली: एक आकार, त्यातून गेलेला एक छेद आणि दोन भाग. कॅटलॉग आधी उघडला असता तर हे कधीच समोर आलं नसतं.

पहिल्या दुकानात नेमका कॅटलॉगच उघडला गेला. एक रुंद साधी अंगठी, एक अरुंद खड्याची, आणि प्रश्न: ‘यातलं जेंट्सचं माप कुणाचं?’ विचारणाऱ्याच्या मनात वाईट काही नसतं. ऑर्डरच्या फॉर्मवर दोनच रकाने छापलेले असतात आणि त्यांच्यावर वर-वधू लिहिलेलं असतं. पण गिऱ्हाईक दुखावतं, आणि कामाचंही नुकसान होतं. रुंदी, जाडी, खडा हे सगळं लिंगावर ठरवून टाकलं की ज्यावर ते ठरायला हवं तो प्रश्न राहूनच जातो: हा हात दिवसभर काय करतो?

विचारण्याजोगे प्रश्न वेगळेच आहेत. कोणत्या हातात, कोणत्या बोटात? रोज काढून ठेवावी लागते का? निकेलने खाज येते का? बोटाचं माप बदलण्याची शक्यता आहे का? संप्रेरक उपचार चालू असतील तर हातावरची चरबी आणि पाणी हलतं, माप मागेपुढे होतं. अशा वेळी टंगस्टनची किंवा सगळीकडून खडे जडवलेली अंगठी नको, कारण तिचं माप बदलता येत नाही.

आणि एक प्रश्न हळू आवाजात: घरी, कामावर कुणाला माहीत आहे? या नर्सच्या वॉर्डात कुणालाच माहीत नव्हतं. म्हणून फोन एकाच ठरलेल्या नंबरवर, बिल एकीच्याच नावावर, आणि निरोप ‘तुमची ऑर्डर तयार आहे’ एवढाच. ‘लग्नाच्या अंगठ्या’ हे शब्द मेसेजमध्ये नकोत, कारण लॉक असलेल्या फोनवरही मेसेजची पहिली ओळ दिसू शकते.

हातांचं काम

नर्सचा हात दिवसातून कित्येक वेळा धुतला जातो, त्यावर सॅनिटायझर चोळलं जातं आणि हातमोजे चढतात, उतरतात. जागतिक आरोग्य संघटनेची हातांच्या स्वच्छतेवरची २००९ सालची मार्गदर्शक तत्त्वं रुग्णसेवेत अंगठ्या घालण्यापासून ठामपणे परावृत्त करतात. नेहमीच्या कामात लग्नाची अंगठी चालू शकते, पण शस्त्रक्रियागृहासारख्या जोखमीच्या जागी सगळ्याच काढायच्या, असा त्यांचा सूर आहे. म्हणजे खडा नको, नक्षीच्या खाचा नकोत, आणि हातमोजा फाडेल अशी कड तर नकोच. अल्कोहोलने सोन्याला काही होत नाही. फरशी पुसायच्या हायपोक्लोराइटने मात्र होतं: क्लोरीनमुळे कमी कसाचं सोनं ताण असलेल्या जागी, म्हणजे जोडापाशी आणि खड्याच्या नखांपाशी, तडकू शकतं. १४ कॅरेटला हा धोका १८ कॅरेटपेक्षा जास्त. निकेल घातलेलं पांढरं सोनं सतत ओल्या राहणाऱ्या हाताला सोसत नाही. युरोपीय नियमांत अंगाला दीर्घकाळ लागून राहणाऱ्या वस्तूतून आठवड्याला चौरस सेंटिमीटरमागे ०.५ मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त निकेल सुटता कामा नये, अशी मर्यादा उगीच नाही. पिवळं १८ कॅरेट ठरलं.

मातीवालीचा प्रश्न उलटा. चाकावर अंगठी घालून बसलं की ओल्या भिंतीवर चरा उठतो आणि अंगठीखाली मातीचा लेप साचतो. मातीत वाळूचे बारीक कण असतात, आरशासारखी चकाकी ते आठवडाभरात मारतात. म्हणून तिच्या अंगठीला चकाकी द्यायचीच नाही, पहिल्यापासून रेशमी मंद पोत द्यायचा, आणि चाकाशेजारी भिंतीत एक आकडा ठोकायचा. आकडा आमच्या कामात मोडत नाही, पण सांगायला हवा. अंगठ्या जास्त करून हरवतात त्या काढून ‘इथेच कुठेतरी’ ठेवल्यावर.

माप तीन वेगळ्या दिवशी घेतलं. मातीवाली पहिल्यांदा आली ती थंड पाण्यातून हात काढून, तेव्हा १८.६ मिमी भरलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी १९.२. एकाच बोटात ०.६ मिमीचा फरक! पहिल्या मापावर अंगठी केली असती तर उन्हाळ्यात साबण लावून काढावी लागली असती. माप घ्यायचं वळंही होणाऱ्या अंगठीएवढंच रुंद हवं. अरुंद वळ्याने घेतलेलं माप रुंद अंगठीला आवळ पडतं.

सारखी दिसायला वेगळी

‘दोन्ही अगदी सारख्या’ अशी मागणी समलिंगी जोडप्यांकडून पुष्कळदा येते, आणि ती शब्दशः पाळली की फसते. ४ मिमी रुंदीची पट्टी १९ मिमीच्या बोटात नाजूक दिसते, १६ मिमीच्या बोटात भरदार. हात शेजारी ठेवले की पुन्हा ‘एक जेंट्स, एक लेडीज’ असाच भास होतो, आणि तोही उलटा. म्हणून मिलिमीटर सारखे न ठेवता प्रमाण सारखं ठेवलं: रुंदी आतल्या व्यासाच्या ०.२२ पट. मोठीला ४.२ मिमी, छोटीला ३.६. जाडी दोन्हींची १.५ मिमी, कारण जाडी डोळ्याला दिसते त्यापेक्षा शेजारच्या बोटाला जास्त जाणवते.

सोन्याचा हिशेब

एकीच्या आजीचं २२ कॅरेटचं जाड वळं, ६.४० ग्रॅम. दुसरीची १४ कॅरेटची साखळी, ८.६० ग्रॅम. २२ आणि १४ यांची सरासरी १८, म्हणजे दोन्ही वितळवलं की आपोआप १८ कॅरेट होईल, असं दोघींनी घरी ठरवलेलंच होतं. समान वजन असतं तर झालंही असतं: हजार भागांत शुद्ध सोनं २२ कॅरेटमध्ये ९१६ भाग, १४ मध्ये ५८५ आणि १८ मध्ये ७५०, आणि ९१६ आणि ५८५ ची सरासरी ७५०.५ येते. पण वजनं समान नव्हती.

६.४० × ०.९१६ = ५.८६ ग्रॅम शुद्ध. ८.६० × ०.५८५ = ५.०३ ग्रॅम. एकूण १०.८९ ग्रॅम शुद्ध सोनं, १५ ग्रॅम वजनात. कस ७२६. यावर ७५० चा शिक्का मारता येत नाही. तो हवा तर सुमारे १.४३ ग्रॅम शुद्ध सोनं वरून घालावं लागतं, आणि ‘बाहेरचं सोनं नको’ ही अट तिथेच मोडते.

ओतकामाऐवजी हातघडाई निवडली तीही या अटीमुळेच. मेणाच्या नमुन्यावरून ओतायचं तर अंगठीच्या वजनाच्या दीडपट ते दुप्पट धातू मुशीत लागतो. नळ्या आणि वरची घुंडी भरायला तो हवाच. तेवढं सोनं यांच्याकडे नव्हतं. पट्टीला मात्र ६६ × ८.१ × १.५ मिमी पुरतं: ८०२ घन मिलिमीटर, घनता १५.४ धरली तर साधारण १२.३५ ग्रॅम.

लगड फुटली

साखळी मुशीत टाकण्याआधी तिचा अडकवायचा हूक कापून काढला. आत पोलादी स्प्रिंग असते. ती सोन्यात गेली तर लोखंडाचे कठीण दाणे होतात आणि लाटताना पत्र्यावर ओरखडे उठतात. कड्यांच्या जुन्या झाळीत (सांधे जोडायच्या मिश्रधातूत) कॅडमियम असू शकतं, त्याची वाफ विषारी, म्हणून धुराडं चालू ठेवून वितळवलं. सवागी (टाकणखार) टाकली, ढवळलं, लगड ओतली. दिसायला सुरेख.

रोलिंग मिलमधून दुसऱ्या फेरीतच कडांना चिरा पडल्या. तापवून मऊ करून पुन्हा लाटलं, चिरा आत सरकल्या. तुटलेल्या जागी सोनं ओढलं गेल्यासारखं दिसत नव्हतं, दाणेदार दिसत होतं, ओल्या साखरेच्या ढेकळासारखं. हे शिशाचं लक्षण. शिसं सोन्यात नीट विरघळत नाही. ते कमी तापमानाला वितळणारं संयुग होऊन दाण्यांच्या सीमांवर बसतं आणि दाणे एकमेकांना सोडतात. अगदी थोडं शिसंही पुरतं.

आलं कुठून? हूकपासून दोन कड्या पुढे कुणीतरी कधीतरी कथील-शिशाच्या झाळीने साखळी जोडली होती. हूक कापला, पण त्याच्या पुढची ती करडी ठिपकी भिंगाखाली पाहिलीच नाही. चूक कामाची होती, सोन्याची नव्हे. साखळीची प्रत्येक कडी दहा पट भिंगाखाली फिरवायला दहा मिनिटं लागतात. ती वाचवली आणि आठवडा गेला.

यावर सवागी, सोरा वगैरे घालून पुन्हा पुन्हा वितळवणारे आहेत. कधी जमतं, पण लग्नाच्या अंगठीत ‘कधी’ चालत नाही. सगळं शुद्धीकरणाला दिलं. तिथे सोन्यात चांदी-तांबं मिसळून सोन्याचा वाटा चौथाईपर्यंत उतरवतात आणि मग नायट्रिक आम्लाने बाकी सगळं विरघळवतात. सोनं तपकिरी भुकटी होऊन तळाशी उरतं. तपकिरी वायू निघतो, तो फुप्फुसं जाळतो, त्यामुळे हे घरगुती काम नाही. आणि दोघींचंच सोनं परत हवं असेल तर ‘वेगळी बॅच’ असं लेखी घ्यावं लागतं. एरवी सगळ्यांचं एकत्रच जातं.

परत आलं १०.७० ग्रॅम. हिशेबापेक्षा ०.१९ कमी, कारण साखळीतली झाळ ५८५ ची नव्हती आणि प्रक्रियेची घटही असते. हा आकडा गिऱ्हाइकाला काट्यावर दाखवायचा, तोंडी सांगायचा नाही. आता ७५२ चा कस धरला (७५० ची अट खालची मर्यादा असते, दोन अंक हाताशी असावेत): १०.७० ÷ ०.७५२ = १४.२३ ग्रॅम. म्हणजे ३.५३ ग्रॅम हीण, निम्मी चांदी आणि निम्मं तांबं. वरून सोनं घालावं लागलं नाही. अपघाताने अट सांभाळली गेली.

लाटा

मूळ कल्पना अशी होती की एकच रुंद वळं लाटदार रेषेने कापायचं, दोन अंगठ्या निघतील, आणि एकमेकींवर ठेवल्या की लाटा जुळतील. वेगवेगळ्या व्यासांवर हे शक्य नाही. छोटीची कड मोठीच्या कडेवर बसतच नाही, आतल्या बाजूला राहते. हे तोंडाने समजावण्याऐवजी तांब्याच्या पट्टीवर करून दाखवलं. आडवी पट्टी कापली तेव्हा दोन भाग तंतोतंत जुळत होते, वळवल्यावर नाही. नर्स हिरमुसली. मातीवाली म्हणाली, ‘अगं, आपली अर्धुकंही कुठे जुळतात?’ ते खरंच होतं. चिरलेलं भांडं वाळताना आकसतं, कडा बाहेर फाकतात, भाजल्यावर आणखी. फळीवरच्या दोन तुकड्यांमध्ये आता बोट जाईल एवढी फट आहे.

तेव्हा ठरलं की सोनं आडव्या पट्टीतच एका रेषेने कापायचं आणि जुळणं तिथेच, त्या क्षणापुरतं.

आता अंकांचा पेच. अंगठी वळवल्यावर जोडापाशी लाट तुटू नये म्हणून प्रत्येक घेरात लाटा पूर्ण संख्येत हव्यात. पट्टीची लांबी म्हणजे (आतला व्यास + जाडी) × ३.१४१६. मोठीची ६४.७ मिमी, छोटीची ५५.९. रेषा एकच, म्हणून लाटेची लांबीही एकच. गुणोत्तर १.१५७ येतं, आणि त्याच्या जवळचा सुटसुटीत अपूर्णांक सात-सहाचा, १.१६७. लाट ९.३ मिमीची धरली: सात लाटांचे ६५.१, सहांचे ५५.८. उलटा हिशेब केला तर मोठीचा आतला व्यास १९.२२ येतो, मापापेक्षा ०.१२ सैल, आणि ४ मिमीच्या वरच्या पट्टीला तेवढी सैल लागतेच. छोटीचा १६.२६, फक्त ०.०४ कमी. एकीला सात, दुसरीला सहा.

उंचीचा वाद झाला. दोघींना लाट मध्यरेषेपासून १.२ मिमी वर-खाली हवी होती. पण मग छोटीची सर्वात अरुंद जागा २.४ मिमी उरते आणि लाटेच्या खोबणीची त्रिज्या १.८ मिमी होते. तिथे साबण अडकतो. ०.५ मिमीवर आणली तर त्रिज्या ४.४ मिमी, मऊ ब्रश सरळ फिरतो. नर्सने स्वतःच्या वॉर्डचा विचार करून ०.५ ला होकार दिला.

पट्टी ८.१ मिमी रुंद घेतली: ४.२ + ३.६, वर ०.३ करवतीचं. ४/० नंबरचं पातं ०.२२ मिमी जाड असतं, बाकी कानशीला. कापलेल्या कडेवर कानस जेमतेम फिरवायची. जास्त घासलं की दोन रेषा एकमेकींच्या राहत नाहीत.

वळवताना आणखी एक गंमत होते. लाटेमुळे पट्टी कुठे रुंद, कुठे अरुंद. अरुंद जागा आधी वाकते, रुंद जागा सपाट राहते, आणि गोलाऐवजी सप्तकोन तयार होतो. साधारण ६५० ते ७०० अंश सेल्सियसला तापवून लगेच पाण्यात विझवायचं (हळू गार झालं तर हे सोनं कडक होतं), मग दांड्यावर लाकडी हातोडीने रुंद जागांवरच हलके ठोके. घाई केली की कड चेपते.

जोड

छोटीसाठी सहा लाटा घेतल्यावर तिच्या अर्ध्या पट्टीतून बरोबर एक लाट उरली: ९.३ मिमीचा तुकडा, पाऊण ग्रॅमचा. तो जंतरातून (तार ओढायच्या भोकांच्या पट्टीतून) ओढून ०.२५ मिमीची तार केली आणि दोन्ही अंगठ्यांचे जोड लेझरने जोडताना तीच तार भरली. झाळ वापरली असती तर काही वर्षांनी जोडावर फिकट रेघ उमटली असती. त्याच सोन्याची तार असेल तर रंगही तोच आणि कसही तोच. सातवी लाट अशी दोन्हीकडे गेली. हे दोघींना सांगितलं तेव्हा नर्सने फक्त ‘किती मिलिग्रॅम?’ एवढंच विचारलं.

जोड लाटेच्या माथ्यावर घेतला, उतारावर नाही. माथ्यावर रेषा क्षणभर आडवी असते, केसभर चूक झाली तरी दिसत नाही. उतारावर तीच चूक पायरीसारखी दिसते. कडा ०.३ मिमीने गोल केल्या. नायट्राइलचा हातमोजा दहा वेळा चढवून-उतरवून पाहिला, फाटला नाही. आतली बाजू किंचित फुगीर ठेवली, पेरावरून सरकायला सोपी.

या अंगठ्यांचं माप नंतर फारसं बदलता येणार नाही. थोडं ताणता येईल, पण तुकडा घालून वाढवलं तर लाट मोडेल. हे ऑर्डरच्या कागदावर लिहून दोघींची सही घेतली.

आत काय कोरायचं यावर दोघींचं पटेना. क्वीअर जोडप्यांकडे तारखा तीन-तीन असतात: भेटल्याची, आपल्या माणसांसमोर लग्न केल्याची, आणि कायद्याने नोंद झाल्याची, जिथे ती होते तिथे. समलिंगी विवाहाला कायद्याची मान्यता देणारा पहिला देश नेदरलँड्स, तेही १ एप्रिल २००१ पासून. त्याआधी जोडलेल्यांची खरी तारीख कोणती, हे कागद सांगू शकत नाही. यांनी तारीख टाळली आणि एकमेकींच्या हस्ताक्षरात एकेक शब्द घेतला. देवनागरी असेल तर अक्षराची उंची लॅटिनपेक्षा जास्त धरावी, नाहीतर वेलांटी आणि अनुस्वार पॉलिशमध्ये भरून जातात. आणि जोडाच्या दोन्ही बाजूंना ३-३ मिमी मोकळी जागा सोडावी.

तयार वजन: मोठी ५.६ ग्रॅम, छोटी ४.१. उरलेले तुकडे आणि भुकटी पुडीत बांधून, वजन लिहून परत दिली.

देताना एक गोष्ट दिसली, ती कुणी आखलेली नव्हती. छोटीची जाडी कानस आणि पॉलिशनंतर १.४ मिमी उरली, म्हणजे बाहेरचा व्यास १९.०६. मोठीचा आतला १९.२२. मातीवालीने डबीत दोन्ही ठेवताना छोटी मोठीच्या आत सरकली आणि तिथेच बसली. नर्सने ती करंगळीने ढकलून बाहेर काढली, पुन्हा आत घातली, आणि विचारलं की रात्री अशा ठेवल्या तर ओरखडे येतील का. येतील, बारीक. तिने डबी मिटली.